जावयाच्या घड्याळाला पॉलिश

माझ्या हातून आयुष्यात एकच वस्तू चकाचक झाली, आणि तिच्यामुळे भरल्या मांडवात माझी अब्रू गेली.

ती वस्तू म्हणजे घड्याळ. साधंसुधं नाही, स्विस! आता जवळा बाजार या गावात खत-बियाण्याचं दुकान चालवणाऱ्या माणसाचा स्वित्झर्लंडशी काय संबंध, असं तुम्ही विचाराल. संबंध माझ्या जिभेमुळे आला. माझी भाची पल्लवी, म्हणजे अक्काची एकुलती एक लेक, तिचा साखरपुडा होता. जेवणं झाली, आणि नवरदेवाचे काका सहज म्हणाले, "आमच्याकडं मामा लोक भांडी देऊन राहिले आजकाल." मला उगाच चेव चढला. म्हणालो, "भांडी? हा मामा जावयाला स्विस घड्याळ घालणार!" पल्लवीनं माझ्याकडं अशा कौतुकानं पाहिलं, की आता शब्द मागं घेणं शक्यच नव्हतं.

घरी येऊन मोबाईलवर नव्या घड्याळाची किंमत पाहिली आणि मोबाईल उलटा ठेवून दिला. मग पुण्यातला एक दुकानदार सापडला, जो वापरलेली भारी घड्याळं विकतो. त्याच्याकडून एक घेतलं. (कितीला, ते लिहीत नाही. बायको हे वाचणार आहे.) त्यानं डबीसोबत एक फोटोवाला कागद दिला आणि बजावलं, "साहेब, याच्या केसला, म्हणजे या धातूच्या अंगाला, कधीच पॉलिश झालेलं नाही. ओरखडे आहेत ते राहू द्या. पॉलिश केलं की किंमत उतरते."

मी हिंगोली जिल्ह्यातला माणूस. आमच्याकडं हळद काढतात, शिजवतात, वाळवतात आणि ड्रममध्ये घालून पॉलिश करतात. बिनपॉलिशच्या हळदीकडं मोंढ्याच्या बाजारात कोणी ढुंकून बघत नाही. पॉलिश केल्यानं भाव उतरतो, हे मी जन्मात पहिल्यांदा ऐकत होतो. म्हटलं, व्यापारी आहे, याच्या पोटात काहीतरी वेगळंच असणार!

घरी डबी उघडली. शोभानं, म्हणजे माझ्या बायकोनं, घड्याळ उजेडात धरलं.

"अहो, हे तर वापरलेलं आहे!"

"बारीक ओरखडे आहेत गं."

"बारीक? मांजरानं खेळून टाकल्यावाणी दिसून राहिलं! उद्या पल्लवीला सासरी बोलतील ना, तुझ्या मामानं कोणाच्या हातातलं उतरवून आणलं म्हणून!"

हे मात्र मला लागलं. मला कोणी काही बोलो, कातडी जाड आहे. पण माझ्यामुळे त्या लेकराला सासरी मान खाली घालावी लागली असती, तर अक्काला तोंड कसं दाखवलं असतं?

दुसऱ्याच दिवशी हिंगोलीला उस्मानचाचांकडं गेलो. घड्याळदुरुस्ती आणि चांदी उजळणं, दोन्ही एकाच टेबलावर करतात. आमच्या तीन पिढ्यांची घड्याळं त्यांनी चालू ठेवली आहेत. चाचांनी डोळ्याला भिंग लावलं आणि घड्याळ चारी बाजूंनी फिरवून पाहिलं.

"भाऊ, माल असली आहे. हात नको लावू."

"काहून?"

"हे बघ. वरच्या अंगाला बारीक रेघांचं काम आहे, बाजूला आरसा. दोन्हीच्या मधी ही कड. पॉलिशच्या चाकावर धरलं की पहिली कड जाते. गेलेला धातू वापस येत न्हाई."

पुणे आणि हिंगोली, दोन्हीकडून एकच सल्ला आला होता. शहाणा माणूस इथं थांबला असता. मी म्हणालो, "चाचा, पल्लवीचं लग्न आहे हो. तिच्या नवरदेवाला द्यायचंय."

चाचांनी भिंग काढलं. पल्लवीला त्यांनी एवढीशी असल्यापासून पाहिलेली. "पल्लूबेटीचं लग्न? मग पैलेच सांगायचं ना! बराबर करतो."

माझी अपेक्षा होती, चाचा वरवर हात फिरवतील. पण बेटीचं लग्न! चाचांनी जीव ओतला. मी चहा घेऊन आलो तर टेबलावर घड्याळ नव्हतंच; आठ दिवस वापरलेली साबणाची वडी होती! कडा नाहीत, रेघा नाहीत, ओरखडे नाहीत. सगळीकडून आरसा. मला त्यात माझ्या मिशा दिसल्या. आणि सांगायला लाज वाटते, पण मी बेहद्द खूश झालो. शोभा तर म्हणाली, "आता कसं, दुकानातून आणल्यावाणी वाटतं!"

लग्न कनेरगाव नाक्याजवळच्या मंगल कार्यालयात. अक्षता पडल्या, आहेर सुरू झाले. मी छाती काढून डबी पुढं केली. नवरदेवाच्या काकांनी ती मधल्यामध्ये उचलली, घड्याळावरून अंगठा फिरवला आणि चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं.

"मामा, कोणत्या बसस्टँडवरून घेतलं?"

"म्हणजे?"

"न्हाई, लईच चमकून राहिलं. आमच्या सरपंचाकडं असली आहे. त्याच्या कडा हाताला लागतात. हे तर गोटीवाणी गुळगुळीत!"

आजूबाजूला खसखस पिकली. आता माझ्यापुढं दोनच रस्ते होते: नवं पण नकली दिलं, असं मान्य करायचं, नाहीतर असली पण जुनं दिलं, असं कबूल करायचं. मी पल्लवीकडं पाहिलं. मुंडावळ्यांमागं तिचा चेहरा एवढासा झाला होता. मग मी इज्जतीवर पाणी सोडलं, खिशातून पुण्याचा कागद काढला आणि ओरडलो, "असली आहे हो! फक्त वापरलेलं आहे!"

नेमका त्याच क्षणी बँड थांबला. (बँड एरवी कधी थांबतो का?) शेवटच्या पंगतीतल्या वाढप्यापर्यंत आवाज गेला. शोभानं पदर डोळ्यांवर ओढला.

काकांनी कागद घेतला आणि मोठ्यानं वाचायला लागले. "केस मूळ स्थितीत, पॉलिश न केलेली. सहाच्या अंकाखाली लहान खड्डा. डाव्या बाजूला तीन ओरखडे." मग घड्याळ उलटसुलट केलं. "कुठं आहे खड्डा?"

"होता."

"ओरखडे?"

"तेबी होते. चाचांनी काढले."

"बरं, नंबर तरी? कागदावर लिवलंय, मागच्या झाकणावर नंबर आहे म्हणून."

झाकण पालथं केलं. चाचांनी बेटीच्या प्रेमापोटी नंबरही घासून टाकला होता!

काकांनी कागदाची घडी घालून माझ्या हातात दिली. आवाज एकदम मऊ झाला. "मामा, कागद असली आहे. घड्याळ दुसरंच आहे. तुमाला कोणीतरी फसवलं."

म्हणजे एका मिनिटात मी नकली घड्याळ देणारा, जुनं घड्याळ देणारा आणि वर फसलेला, असा तिन्ही झालो. हसले असते तरी चाललं असतं, पण लोक हळहळले! एक आजी पाठीवरून हात फिरवून म्हणाल्या, "असू दे रे बाबा. ऐपत न्हाई, पर मन केवढं मोठं!"

नवरदेवानं मात्र, गणेशरावांनी, घड्याळ मनगटात घातलं. म्हणाले, "मला आवडलं, मामा." पल्लवी हसली. माझ्या जिवात जीव आला. (जावयाचे पाय आपण रीत म्हणून धुतो, मी त्या दिवशी मनापासून धुतले असते.)

घड्याळ नकलीच ठरलेलं, त्यामुळे त्याला जपायचा प्रश्न नव्हता. गणेशराव ते घालून ट्रॅक्टरखाली शिरले, विहिरीतली मोटार काढली, बैलाचं दावं ओढलं. पुढच्या दिवाळीला दोघं आमच्याकडं आले, तेव्हा घड्याळ ओरखड्यांनी आणि पोच्यांनी भरून गेलं होतं.

जेवताना गणेशराव म्हणाले, "मामा, गंमत सांगतो. परवा वाशीमला एका लग्नात पुण्याचा पाव्हणा भेटला. माझा हातच सोडंना. म्हणे, हे असली स्विस आहे, विकता का?"

माझ्या हातातला घास हातातच राहिला. वाढता वाढता शोभा थांबली. वर्षभर त्या मांडवातल्या गोष्टीचं ओझं मी वागवत होतो, आणि आज एक जाणकार माणूस माझ्या बाजूनं उभा राहिला होता!

"मग?" मी घाईनं विचारलं. "तुमी काय म्हणलात?"

"काय म्हणणार? सरळ सांगितलं," गणेशराव पापड मोडत म्हणाले. "म्हणलं, पाव्हणं, तुमी आमच्या मामाला ओळखत न्हाईत!"