रोवण्यात विचारलेला प्रश्न

आमच्या एकोडी गावाकडं रोवण्याची, म्हणजे भातलावणीची, कामं वाटलेली असतात. चिखल करायचा पुरुषांनी, वाकून धान रोवायचं बायांनी. मला दोन्ही कामं येतात आणि त्याचा मला ताठा आहे. तो कशाला लपवू? सकाळी ट्रॅक्टरनं चिखल करायचा, दुपारी बायांच्या रांगेत पात धरायची. मी बाई नाही, पुरुषही नाही, हे गावानं आधी हसून आणि मग कंटाळून मान्य केलं. भराभर रोवणारा हात कोणाला नको असतो!

पण गेल्या साली काकीनं वाकल्या वाकल्याच विचारलं, "तू बाई नाही, बुवा नाही. मंग ते टीव्हीत सांगतेत ते ट्रान्सजेंडर हायस का?"

माझे हात थांबले. शेजारच्या पातीवर आई होती. लग्न नको, साडी नको, एवढंच तिला ठाऊक होतं. हा शब्द तिच्यापुढं मी कधी काढला नव्हता. खरं सांगायचं तर तो माझा आहे की नाही, हेच ठरत नव्हतं. मला वाटायचं, तो पुरुषाकडून बाईकडं किंवा बाईकडून पुरुषाकडं गेलेल्यांचा शब्द. त्यासाठी त्यांनी मार खाल्ला, घरं सोडली. मला तर अजून आईच्या हातचं जेवण मिळतच होतं की! माझ्यासारखाच नागपूरचा एक जीव आहे. तो म्हणतो, "मी नॉनबायनरी, ना बाई ना पुरुष, बस. ट्रान्सजेंडर नाही म्हणवून घेत." त्याचंही बरोबर. ज्याचं त्यानं ठरवावं.

माझं त्या चिखलात ठरलं. "हो काकी," मी म्हटलं. "पैदा होतानी दाईनं जे सांगितलं, ते मी नाही. म्हणून मी बी त्यायच्यातच." त्या वाक्याचा मला आजही अभिमान वाटतो.

काकीनं "बरं" म्हणत रोपांची नवी पेंढी सोडली. आई मात्र काहीच बोलली नाही. दिवसभर नाही, जेवतानाही नाही. माझ्या जिवाला घोर लागला.

दुसऱ्या दिवशी साकोलीकडची एक नवी बाई रोवायला आली. माझ्याकडं बघून तिनं आईला विचारलं, "हे कोन वो बाई? पोरगा का पोरगी?"

आईनं मानही वर केली नाही. "माह्यं लेकरू हाय. ट्रान्सजेंडर. चिखल बी करते, रोवते बी," ती म्हणाली. "तू आपली पात पाह्य. वाकडी चालली."