उष्टी भाकरी

त्या तांब्याची शिसारी स्वप्नालीच्या मनातून जात नव्हती. चुलत सासू बायडाबाईंनी परस्पर तिच्या लेकीला, साक्षीला, एका देवऋष्याकडे नेलं होतं. त्याने पाण्याची चूळ भरली, ती तांब्यात परत सोडली आणि तेच पाणी पोरीला पाजलं. उष्ट्याच्या नुसत्या विचाराने उमासे येणाऱ्या पोरीला. तेव्हापासून साक्षीने घरचं जेवणही टाकलं. अंगावरचा ड्रेस लोंबायला लागला, तेव्हा स्वप्नाली तिला घेऊन आटपाडीहून विट्याला आली. आजच्या दुसऱ्या खेपेला बायडाबाई नको म्हटलं तरी सोबत आल्या.

मानसोपचार करणाऱ्या माया वाघमारेंची खोली औषधाच्या दुकानावर होती. बाई याच गावातल्या. पुण्यातल्या दवाखान्यात काही वर्षं काढून परतलेल्या, बोलायला कमी, ऐकताना घाई न करणाऱ्या. मागच्या खेपेला त्यांनी साक्षीसाठी पायऱ्या लिहून ठेवल्या होत्या. आज पहिली पायरी होती, केराच्या बादलीला हात लावायचा.

साक्षीने बादली सरळ उचलून मांडीवर घेतली.

"मॅडम, मेंढरं कोंडायच्या वाघरीतल्या लेंड्या मी हातानं भरल्यात. त्यात कसली घाण? मला तोंडाची घाण वाटते. माणसाच्या."

मायाताईंनी कागदावर आडवी रेघ मारली. "माझं चुकलं. पद्धत बरोबर आहे, पायऱ्या मात्र दुसऱ्याच कुणाच्या होत्या." मग स्वप्नालीकडे वळून म्हणाल्या, "किळस येते तिथे थोडं थोडं जायचं आणि धुवायला पळायचं नाही. हळूहळू ती उतरते. पुष्कळ लोकांवर तपासून पाहिलेलं आहे हे. सुरुवात कुठून करायची, ते साक्षी सांगेल."

"मंग आमच्या देवरुष्यानं काय येगळं केलं?" बायडाबाई म्हणाल्या. "त्यानंबी उष्टंच पाजलं की."

"आजी, त्यानं तिला विचारलं होतं का?"

"आवं, आजाऱ्याला काय इचारायचं?"

चहा आला. बायडाबाईंनी दारावरच्या पाटीवरचं आडनाव कुणाकडून तरी वाचून घेतलं होतं. त्यांनी कपाला बोटसुद्धा लावलं नाही. चहावर साय धरली. स्वप्नालीला त्या सायीकडे बघवेना. परक्या बाप्याची थुंकी पोरीच्या पोटात घालायला चालली, आणि हा चहा चालत नाही.

निघताना ती मागे रेंगाळली. "त्यांच्या वतीनं मी माफी..."

"त्या माझ्याकडे उपचाराला आलेल्या नाहीत," मायाताई कप उचलत म्हणाल्या. "तुम्ही आला आहात. साक्षीचं ताट वेगळं ठेवता ना? उकळत्या पाण्यातून काढून देता?"

"ती जेवावी म्हणून."

"कळतं मला. पण त्यानं तिची भीती खरी ठरते. ते आता थांबवायचं."

वेगळं ताट थांबवणं स्वप्नालीला फार जड गेलं. पहिल्या दिवशी साक्षी ताटावरून तशीच उठली. मग सगळ्यांच्या माठातलं पाणी तिने प्यायलं, मग आईच्या बशीतला चहा. दर खेपेला मायाताई तिला विचारत, जमतंय का, की मधे अजून एक पायरी घालू? एकदा घातलीही. शेवटची पायरी साक्षीनेच ठरवलेली होती.

त्या पायरीच्या दिवशी दुपारी स्वप्नालीने बाजरीची भाकरी दातांनी तोडली. कडेवर ओल उमटली. स्वतःच्याच थुंकीची तिला किळस आली, हात मागे घ्यावासा वाटला. तरी तिने ती भाकरी पुढे केली.

"पोरीला उष्टं चारतीया," बायडाबाई दारातून म्हणाल्या. "काय हे शिक्षण."

साक्षीने ओल्या कडेकडूनच घास घेतला. तिला मोठा उमासा आला, डोळ्यांत पाणी उभं राहिलं, मान मोरीकडे वळली. स्वप्नालीचा हात सवयीने तांब्याकडे गेला. तिने तो ओढून मांडीखाली दाबला.

साक्षी जागची उठली नाही. चावत राहिली, गिळलं.

"येतीय का अजून शिसारी?" स्वप्नालीने विचारलं.

"येतीय. लय येतीय," साक्षी म्हणाली, आणि तिने उरलेली भाकरी आईच्या हातातून घेतली.