ग्राइंडरचा उलट्या आट्यांचा नट

“मॅडम, निम्मा माल गेला कुठं?”

काळोखे साहेबांनी बॅचशीटवर बोट आपटलं. साहेब चाकणजवळच्या गावचे. उभी हयात नट-बोल्ट बनवण्यात गेली, आणि मग हौसेनं हा छोटा केमिकल प्लँट टाकला. मी तिथली प्रोसेस केमिस्ट.

“गेला नाही साहेब, मुद्दाम घालवलाय.”

“आमच्या वर्कशॉपात निम्मं रिजेक्शन झालं असतं तर सुपरवायझर घरी बसला असता.”

आमचा माल म्हणजे एपॉक्साइड. त्याच्या मॉलिक्यूलमध्ये तीन अणूंची चिमुकली रिंग असते, ताणलेली, उघडायला टपलेली. कच्च्या मालात निम्मे मॉलिक्यूल डावे, निम्मे उजवे, आरशात दिसावेत तसे. औषध कंपनीला फक्त उजवे हवे होते. म्हणून आम्ही कोबाल्टचा कायरल कॅटॅलिस्ट वापरायचो. कायरल म्हणजे ज्याला स्वतःलाच डावं-उजवं असतं असा. तो पाण्याच्या मदतीनं डाव्यांचीच रिंग उघडतो, उजव्यांच्या वाटेला जात नाही. रिंग उघडलेला माल सहजी उकळत नाही, त्यामुळे उजवा तेवढा डिस्टिल करून काढता येतो. हाती अर्थातच निम्मा लागतो.

“मग रिंग उघडताच कशाला? कच्चा मालच ड्रमात भरा की. तुमचंच मशीन त्याला शुद्ध म्हणतंय.”

मशीन खोटं बोलत नव्हतं. साध्या टेस्टला डावं-उजवं दिसतच नाही. पण त्या मालाच्या पुढे गोळ्या होणार होत्या, आणि त्या कुणीतरी गिळणार होतं. शरीरात डावा मॉलिक्यूल उजव्याच्या जागी बसत नाही, उलट अपायही करू शकतो.

“उद्या दुपारी गाडी येतीय,” साहेब म्हणाले. “समदा माल शुद्ध म्हणून सर्टिफिकेटवर सही पायजे. तुमाला न्हाई जमत, तर सही करणारे लई हायत.”

मी घाबरले. नोकरी मला हवी होती.

सकाळी मेंटेनन्समध्ये गेले. तिथल्या धार लावायच्या बेंच ग्राइंडरच्या डाव्या बाजूचा नट उलट्या आट्यांचा असतो, चाक फिरताना सुटू नये म्हणून. तो मागून घेतला, त्याच मापाचा साधा बोल्ट घेतला आणि दोन्ही साहेबांपुढे ठेवले.

“एवढा बसवून देता का साहेब? आम्हा बायकांच्या हाताला कुठला जोर.”

साहेब खूश. बाह्या वर सारून फिरवू लागले. नट काही धरेना. पुन्हा लावला, दाबून लावला, मान वाकडी करून लावला. मी तोंडाला पदर लावून खोकले.

“माप चुकलंय का हो?”

“न्हाई. माप बरोबर हाय.”

“मटेरियल? वजन?”

“समदं बरोबर हाय, पण...” त्यांनी नट उजेडात धरला. “ह्यो उलट्या आट्याचा हाय. कुणी दिला?”

“सगळ्या टेस्टमध्ये पास आहे साहेब. भरू गाडीत?”

साहेबांनी एकदा नटाकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

“लई आगाव हाय तुमी,” ते म्हणाले आणि फोन उचलला. उजवा माल होता तेवढाच पाठवतो, बाकीच्याला मुदत द्या, असं त्यांनी कंपनीला स्वतः सांगितलं. पलीकडची बोलणीही निमूट ऐकून घेतली. मी खऱ्या सर्टिफिकेटवर सही केली.

थोड्या दिवसांनी कंपनीच्या क्यूसीचा, म्हणजे माल तपासणाऱ्या विभागाचा, फोन आला. डाव्या-उजव्याची टेस्ट त्यांनी करून पाहिली होती. आमचा माल पास. आमच्या आधीच्या सप्लायरनं मिक्स माल खपवला होता, त्याला त्यांनी कायमचं बंद केलं होतं. त्याचीही ऑर्डर आता आमच्याकडे.

साहेबांनी फोन ठेवला. “मी म्हनलं व्हतं ना मॅडम, निम्माच पाठवायचा म्हणून?”

“हो साहेब. तुम्हीच म्हणाला होता.”

तेव्हापासून मी वरिष्ठांना केमिस्ट्री समजावायच्या फंदात पडत नाही. त्यांना जे उत्तम येतं त्यातच त्यांना अडकवते, आणि सुटले की श्रेय देऊन टाकते. त्यात माझं काही जात नाही, सही तेवढी खरी राहते.