आधी बोटं, मग चहा

किस्से काही कुणी ठरवून गोळा करत नाही. ड्रिल मशीनखाली भुसा पडतो, तसे ते पडत राहतात. या रविवारी झाडून काढा, पुढच्या रविवारी पुन्हा ढीग! आमचा ढीग भरे गावातल्या बबनकाकांच्या जुन्या गोठ्यात साठलाय. म्हशी विकल्यावर काकांनी गोठ्याचे पत्रे बदलले, दिवे लावले आणि कंपनीत असल्यापासूनची हौस पुरी केली. उभी ड्रिल मशीन घेतली! हँडल ओढलं की भोक पाडणारा फिरता बिट सरळ खाली येतो, तसली.

मी मारुंजीत राहतो, आयटीत आहे. मी, ऑफिसातला मित्र केदार आणि पिरंगुटला हार्डवेअरचं दुकान चालवणारे रफिकभाई, असे आम्ही दर रविवारी तिथे पडीक असतो. दारात सुमनकाकू, म्हणजे काकांची बायको. त्यांनी मशीनला कधी हात लावला नव्हता, पण राज्य त्यांचंच!

*

त्याला कारण काकांचा हात. गेटच्या लोखंडी पट्टीला भोक पाडताना काकांनी ती क्लॅम्पने मशीनच्या टेबलाला आवळायचा कंटाळा केला. "येकच तर भोक हाय!" म्हणून हातानेच धरली. बिट आरपार जाताना अडकला आणि पट्टी पंख्यासारखी गरगरली. तळहाताला टाके पडले. डॉक्टर म्हणाले, "थोडक्यात वाचलात, नाहीतर बोटं पुन्हा वळली नसती."

घरी आल्यावर काकूंनी बजावलं, "हितनं म्होरं कुनाच्या बी बोटाला रगत दिसलं, की मशीन भंगारात. तुमी बी जावा मग तिच्यासंगं!"

तेव्हापासून काम संपलं की दहाही बोटं काकूंना दाखवायची, मगच चहा मिळतो. पन्नाशीचे रफिकभाईसुद्धा शाळेतल्या पोरासारखे हात पुढे करून उभे राहतात.

*

दुसरा कायदा खुंटीचा. अंगावर लोंबणारं जे काही असेल, ते दारातल्या खुंटीवर टांगायचं. एकदा केदार शिफ्ट संपवून थेट आला, तो गळ्यात आयकार्ड घालूनच. मशीनवर वाकणार, तेवढ्यात काकू कडाडल्या, "ह्ये दावं कुनी बांधलंय रं तुला?"

"काकू, कंपनीचं आयकार्ड आहे!"

"आसू दे. म्हशींची दावी आमी कवाच सोडली. तू बी सोड."

सोमवारी केदार ऑफिसच्या गेटवर, कार्ड भऱ्यातल्या खुंटीवर! सिक्युरिटीवाला आत सोडेना. याने रडकुंडीला येऊन काकूंना फोन लावला. काकू म्हणाल्या, "बोटं हायेत नव्हं जाग्यावर? मंग ती दाव त्याला!"

*

मी शहाणा. सेफ्टी, सेफ्टी म्हणून ऑनलाइन जाडजूड हातमोजे मागवले आणि ऐटीत घालून मशीनसमोर उभा राहिलो. काकांनी ते माझ्या हातातून ओढूनच काढले.

"मोज्याचा येक धागा जरी बिटात गावला ना, तर हात बी मागनं जातोय. डोळ्याला गॉगल लाव. हात उगडं ऱ्हाऊ दे."

गॉगल मी लावतो. मोजे घालून काकू भेंडी तोडतात. "लई झ्याक हायेत," म्हणाल्या, "खाज म्हनून न्हाई. आनखी येक जोड मागीव!"

*

ज्या चावीने बिट आवळतात, ती चावी रफिकभाई एकदा मशीनमध्येच विसरले आणि बटण दाबलं. चावी सुटली, पत्र्यावर आदळली आणि थेट काकूंच्या खुराड्यात! माणसाला कुणाला लागलं नाही, पण कोंबड्यांनी असा दंगा केला की विचारू नका. दोघीतिघींनी तर अंडी देणंच बंद केलं.

पुढच्या रविवारी रफिकभाई ओशाळून अंड्यांचा ट्रे घेऊन आले. काकूंनी ट्रे ठेवून घेतला. मग म्हणाल्या, "रफिकभाई, कोंबडी दुसरं अंडं दील. दुसरा डोळा तुमास्नी कोन देनार हाय?"

त्या दिवशी काकांनी आणखी एक कायदा केला. चावी खुंटीवर दिसल्याशिवाय बटणाला हात लावायचा नाही.

*

खंडेनवमीला मशीनची पूजा असते. काकूंनी हळदीकुंकू वाहिलं आणि झेंडूचा भरगच्च हार मशीनच्या थेट तोंडाला, बिट फिरतो तिथेच घातला. तेवढ्यात पाहुणे आले. काकांना कौतुक दाखवायची कोण घाई! दाबलं बटण.

हार दोन गरके फिरला आणि फुटला. पाहुण्यांच्या टोप्या, आमचे गॉगल, प्रसादाचे पेढे, सगळीकडे झेंडूच झेंडू! काकू पाकळ्या झटकत म्हणाल्या, "मानसांच्या गळ्यातलं काडून घेतो आपन. हिच्या गळ्यातलं कोन काडनार?"

आता खंडेनवमीला मशीनला नुसतं कुंकू लागतं. हार खुंटीवर असतो.

*

हसण्यावारी नेतो आम्ही, पण खरं सांगू? माझ्या मुलीचं अभ्यासाचं टेबल मी या गोठ्यात बनवलं. त्या टेबलाचं लाकूड एकदा बिटात अडकून असं हिसकलं होतं, की क्लॅम्प नसता तर आज मी कीबोर्ड बडवत नसतो. त्या दिवशी काकूंना बोटं दाखवायला मी हात पुढे केला. त्यांनी तो क्षणभर धरला आणि कपात दोन चमचे जास्त साखर घातली. या माणसांचे उपकार मी विसरणार नाही.

*

यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून काकूंनी उदबत्तीची लाकडी घरं द्यायची ठरवली. भोकं आम्ही पाडत होतो. सणाच्या दिवशी शेवटचं घर उरलं, तेव्हा काकू पुढे आल्या. "ह्ये आपल्या देवघरातलं. ह्याला भोक मी पाडनार."

हळदीकुंकवाला गावातल्या बायका दारात जमलेल्या. त्यांच्यात घोटावड्याहून आलेल्या काकांच्या थोरल्या बहीण, आक्का. काकूंनी पदर कमरेला घट्ट खोचला, अंबाडा आवळला, गॉगल चढवला. बांगड्या उतरवून खुंटीवर अडकवल्या. मग मानेमागे हात नेला, मंगळसूत्र काढलं आणि तेही खुंटीवर टांगलं.

"आगं सुमन!" आक्का ओरडल्या. "सनाचा दिस, नवरा म्होरं उभा, आन् गळा मोकळा करतीस व्हय?"

"वन्सं, धनी हितं हायेत, धडधाकट. बगा की, क्लॅम्प आवळत्यात."

सगळ्या बायका काकांकडे बघायला लागल्या. काकांनी टाक्यांचे व्रण असलेल्या हाताने क्लॅम्प आवळला, हलवून बघितला. बिट घट्ट केला, चावी काढली आणि खुंटीवर मंगळसूत्राशेजारी टांगली.

"हां," म्हणाले, "दाब आता."

भोक सरळ पडलं. काकूंनी मशीन बंद केली आणि मागे वळून दहाही बोटं काकांसमोर धरली.

काकांनी एकेक बोट नीट बघितलं आणि चहा टाकायला घरात गेले.