चाचांच्या हातातली पिशवी

देशात कुठंही अतिरेक्यांनी स्फोट केला की आमच्या तालुक्याच्या स्टँडवर पिशव्या उचकायला सुरुवात होते. पूर्वी बेवारस पिशवी शोधायचे. आता आधी माणसाचा चेहरा बघतात, मग पिशवी, मग मोबाईल. तपासणी नको असं कोण म्हणतंय? पण डोकं ठिकाणावर ठेवून करा की!

आमच्या रानाला जायच्या रस्त्याचा वाद तहसीलला चालू होता. रस्ता आमचा हे सांगणारा एकच कागद, निजामाच्या काळातला, उर्दूतला. मला त्यातलं एक अक्षर कळत नाही. म्हणून उर्दू शाळेतून निवृत्त झालेले शेजारचे चाचा माझ्याबरोबर निघाले. सेलूपासून पूर्णेपर्यंतची माणसं जुने कागद घेऊन त्यांच्याकडंच येतात. सकाळी अकराला तारीख होती, अन् दोनच दिवसांपूर्वी कुठंतरी स्फोट झालेला. बसमधून उतरलो, कागद ठेवलेली पिशवी चाचांच्या हातात दिली आणि पाण्याची बाटली आणायला गेलो. माझी चूक एवढीच.

परत येतोय तर दोन पोलीस उभे, कागद उलगडलेला. "यात काय लिहिलंय?"

चाचांनी वाचून दाखवलं. पूर्वेला ओढा, पश्चिमेला गाडीवाट, बांधावर लिंब.

"तुम्हीच वाचणार अन् आम्ही खरं मानायचं व्हय?"

आता काय बोलावं! दुसरं कुणी वाचणारं असतं तर या म्हाताऱ्या माणसाला मी उन्हात कशाला आणलं असतं? मी ओरडलो, "अहो, कागद माझा हाय, पिशवी माझी हाय, मला धरा!" त्यांनी माझं आधार कार्ड बघितलं अन् म्हणाले, "तुम्ही जावा, तुमचं काम करा." चाचांना मात्र चौकीत नेऊन बसवलं.

मी मागोमाग गेलोच. खरा अतिरेकी आता मोबाईलातून पोरांच्या डोक्यात शिरतो, असं तिथले साहेब मला समजावून सांगत होते. चाचांचा मोबाईल तासभर चाळला. त्यात नातवंडांचे फोटो. माझ्या मोबाईलात आमच्याच भावकीनं पाठवलेले, माणसं कापायच्या गोष्टी करणारे व्हिडिओ पडलेले. त्याला कुणी हात लावला नाही. लय लाज वाटली मला, अन् रागही आला. माझा आवाज चढला की चाचा माझी बाही ओढायचे. "गप बस बेटा. तू वरडलास की मलाच आणखी बसवतेत."

तीन वाजता सोडलं. "वरून आदेश हायेत, राग मानू नका." तोवर तारीख पुढं गेली होती.

पंधरा दिवसांनी पुन्हा त्यांच्या दारात गेलो. येतात की नाही, याचीच धास्ती. पण चाचा टोपी घालून तयार बसले होते. बसमध्ये चढताना दांडी धरायची म्हणून मी सवयीनं पिशवी त्यांच्यापुढं केली. त्यांनी दोन्ही हात मागे घेतले.

"वाचून देतो की बेटा, का न्हाई? पण पिशवी तूच धर."