कानात सांगणाऱ्या राऊत बाई

मूल वाचायला लागलं की राऊत बाई ते त्याच्या आईला कानात सांगत. चारचौघांत कधीच नाही. मुरुडच्या अलीकडे समुद्राला लागून असलेल्या आमच्या शाळेत मी रुजू झाले, त्याच आठवड्यात हा प्रकार पाहिला. एक कोळीण मासळीची पाटी डोक्यावर घेऊन शाळेवरून चालली होती. बाईंनी तिला हाक मारली, दंडाला धरून पाण्याच्या टाकीमागे नेलं आणि तिच्या कानाशी लागल्या. ती बाहेर आली तेव्हा तिला घाम फुटला होता.

"माजा जीवच गेला ना, बाय! मला वाटला पोर पडली कुठं."

पोर पडली नव्हती. तिने पुस्तकातल्या दोन ओळी न अडखळता वाचल्या होत्या, एवढंच. एवढ्यासाठी टाकीमागे? मला हसू आवरेना.

बाई चौलच्या, बागायतदारांच्या घरातल्या. काटक शरीर, भराभर चालणं, पर्समध्ये कायम पहिलीचं पुस्तक. पालक शाळेत येत नाहीत ही तक्रार आम्ही बाकीचे करायचो. बाई सरळ जेटीवर जायच्या, वाळत घातलेल्या बोंबलांच्या ओळींमधून वाट काढत एकेका आईला गाठायच्या आणि बाजूला घ्यायच्या. मी चेष्टा केली की म्हणत, "अगो, बातमी द्यायची ती गरम पेज देतात तशी. आधी आपण फुंकर घालायची." आणि पुढचं वाक्य ठरलेलं असे, "पोर घरी जाते तेव्हा आपण सोबत नसतो."

मला हे सगळं फाजील वाटायचं. डी.एड. करून ताजी ताजी आलेली मी. पहिल्याच पालकसभेत मी यादी घेऊन उभी राहिले आणि कोण वाचतं, कोण अक्षरं जोडतं, कुणाला अजून अक्षरंच ओळखता येत नाहीत, हे नावानिशी खड्या आवाजात वाचायला लागले. चौथ्या नावाला बाईंनी कागद माझ्या हातातून ओढून घेतला, घडी घालून पर्समध्ये टाकला आणि पालकांना म्हणाल्या, "चहा घ्या." सगळे गेल्यावर मी तणतणले. मी काय खोटं सांगत होते?

"खोटं नव्हतं," बाई म्हणाल्या. "मीही एकदा असंच चारचौघांत सांगितलं होतं, तेही खोटं नव्हतं." मग मुलांच्या बाकावर बसून त्यांनी मला हर्षदाची गोष्ट सांगितली.

ती गोष्ट त्याआधी सातआठ वर्षांपूर्वीची. बाईही तेव्हा या शाळेत नव्या होत्या, उत्साहाने उतू जाणाऱ्या. पावसाळ्यात मासेमारी बंद असते, बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि बाप लोक शेडमध्ये जाळी शिवत बसतात. वर्षातून तेवढेच दिवस ते हाती लागतात, म्हणून बाई मुलांना घेऊन शेडमध्येच जायच्या. मुलांनी वाचायचं, बापांनी जाळ्यावरून हात न काढता ऐकायचं. हर्षदा दुसरीतली. तिचा बाप बोटीचा तांडेल; दर्यावर खलाशी त्याच्या शब्दाबाहेर जात नसत. पोरीने धडा घडाघडा म्हटला. बाप फुलून गेला. बाईंनी पान उलटलं आणि चित्रावर हात ठेवला. पोर गप्प.

बाई हसून बोलून गेल्या, "ही वाचत नाही हो. चित्र बघून पाठ म्हणते."

सगळी शेड खदखदून हसली. एक खलाशी ओरडला, "तांडेल, पोर बी तुमच्यासारखीच! अंदाजानं बोट हाकते!" तांडेलही हसला. सोमवारी हर्षदा शाळेत नव्हती. बापाने तिला आत्याकडे धाडलं होतं, तिची मुलं सांभाळायला आणि कोळंबी सोलायला. बाई घरी गेल्या तेव्हा तो दारातूनच म्हणाला, "तुमीच बोल्ल्या ना चार मानसांत, हिला येत न्हाय. मंग शालंत बसवून काय करू?"

बाई आत्याच्या गावी दोनदा गेल्या. पहिल्या वेळी पोर कामावर गेली होती, दुसऱ्या वेळी कुणी दारच उघडलं नाही. वरच्या ऑफिसातून कुणी विचारू नये म्हणून शाळेने नाव वर्षभर पटावर तसंच ठेवलं.

"पोरं आधी पाठच म्हणतात गं," बाई मला म्हणाल्या. "वाचन तिथूनच तर सुरू होतं. मला ठाऊक होतं. तरी हसले." मला तेव्हा बाईंचा राग आला. खरं सांगायचं तर त्या शेडमधल्या बाईंचा अजूनही येतो.

बाई निवृत्त होऊन चौलला गेल्या, तोवर कानात सांगणं माझ्याही अंगवळणी पडलं होतं. गेल्या वर्षी माझ्या पहिलीत साहिल आला, हर्षदाचा मुलगा. लग्न होऊन ती परत याच गावात आली होती. मी बाईंना फोन केला. त्या आजारी होत्या, पोटाचा कर्करोग. तरी म्हणाल्या, "त्याचं मी सांगणार."

सहामाहीला त्या एसटीने आल्या, निम्म्या झालेल्या. हर्षदाला कोपऱ्यात घेतलं आणि कानात सांगितलं की साहिल वाचायला लागलाय. हर्षदाने मान हलवली. प्रगतिपत्रकावर पालकाच्या सहीची जागा होती. मी पेन पुढे केलं, तिने अंगठा दाखवला. शिक्क्याचा पॅड बाईंनी स्वतः उघडून धरला. अंगठा उमटल्यावर झाकणही त्यांनीच लावलं.

स्टँडवर त्या म्हणाल्या, "माफी मागायला आले होते गं. राहूनच गेलं." दिवाळीनंतर बाई गेल्या.

वार्षिक प्रगतिपत्रकं द्यायच्या दिवशी व्हरांडा आयांनी भरला होता. हर्षदाने विचारलं, "त्या बाय न्हाय आल्या?" मी सांगितलं. "शेवटपत्तर राग व्हता त्यांचा माज्यावर," ती म्हणाली. "मला वाचता आला न्हाय ना. माज्यामुलं सगल्यांत त्यांची मान खाली गेली."

सवयीने मी तिच्या कानाशी वाकले. मग सरळ झाले. तिला येत नाही हे तेव्हा सगळ्या शेडने ऐकलं होतं.

"हर्षदा," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "तू चुकली नव्हतीस. तुझा साहिलही आधी पाठच म्हणायचा. तुझं बरोबर चाललं होतं, आणि बाईंना ते माहीत होतं. चूक बाईंची होती. तुला परत आणायला त्या आत्याच्या गावाला दोनदा आल्या होत्या. सहामाहीला त्या तुझी माफी मागायलाच आल्या होत्या, ती राहून गेली."

आया वळून बघायला लागल्या. हर्षदा साहिलच्या प्रगतिपत्रकाकडे बघत राहिली.

"मला कुनी सांगलाच न्हाय," ती म्हणाली. मग, "आता काय उपेग त्याचा, बाय."

तिने अंगठा पुढे केला. मी पॅड उघडला.