इद्रीसभाईंचा कान

मी तसा तापट माणूस. नव्या वस्तूने त्रास दिला की माझं डोकं फिरतं. सत्त्याण्णव साली नेरूळला इद्रीसभाईंनी माझ्या मारुतीत नवे स्पीकर बसवले आणि आठवड्यातच ते कानात टोचायला लागले. लावणी लावली की घुंगरं नुसती किंचाळायची. माझी बायको मीना म्हणाली, "ही बाई स्टेज सोडून माझ्या कानात नाचतेय."

निवड इद्रीसभाईंचीच होती. तेव्हा जो तो मागच्या काचेखाली दोन मोठे लांबट स्पीकर ठोकून दणदणाट करत हिंडायचा. मीही तेच मागितलं. इद्रीसभाईंनी साफ नकार दिला. "गाणारा काय तुमच्या पाठीमागं बसून गातो, नंदकिशोरसाहेब? आवाज समोरून यायला पायजे." मग त्यांनी कंपोनंट सेट काढला. जाड आवाजाचा स्पीकर खाली दारात, बारीक आवाजाचा छोटा ट्वीटर वर काचेजवळ, आणि दोघांना ज्याचा त्याचा आवाज वाटून देणारी क्रॉसओव्हरची डबी. गिऱ्हाईक गेलं तरी चालेल, चुकीचं काम करणार नाही, असा हट्ट. मला तो हट्ट आवडला होता, म्हणून तर राग जास्त आला.

गाळ्यात शिरलो तो तोंड सोडूनच. इद्रीसभाई शांतपणे गाडीत बसले, कॅसेट लावून ऐकली आणि बंद केली. "मला तर बरोबर वाटतंय. उलट ट्वीटर जरा कमीच हाय."

आता मात्र हद्द झाली. मी बोलणार तेवढ्यात त्यांच्या मनगटावरच्या घड्याळाने दर तासाचं बारीक पिप-पिप केलं.

"एक वाजला वाटतं," मी म्हणालो.

"कशावरून?"

मी घड्याळाकडे बोट दाखवलं. ते हसले. "याचा आवाज तर कधीच बंद पडलाय."

त्यांची बायको इशरत जेवणाचा डबा घेऊन आली होती. ती दारातूनच म्हणाली, "बंद कुठं? रोज वाजतंय. मला वाटायचं, तुमी मुद्दाम लक्ष देत नाय."

इद्रीसभाईंनी घड्याळ काढलं, गजराचं बटण दाबलं आणि ते आधी उजव्या, मग डाव्या कानाला लावलं. मला तिथे उभं राहवेना. हा माणूस महाप्याच्या एका कारखान्यात अकरा वर्षं पत्र्याच्या प्रेसवर उभा होता. गाण्याच्या वेडापायी नोकरी सोडून त्याने हा गाळा घेतला होता, आणि वरचा बारीक आवाज ऐकणारा कान तर त्या प्रेसच्या खडखडाटातच राहिला होता.

"राहू द्या इद्रीसभाई, चालेल मला," मी म्हणालो. खोटंच बोललो.

"थांबा. गाडी अशी सोडणार नाय." त्यांनी इशरतला माझ्या सीटवर बसवलं आणि लावणी पुन्हा लावली.

"मला यातलं काय कळतंय?"

"कळायची गरज नाय. टोचलं की बोल."

त्यांनी क्रॉसओव्हरची डबी उघडली. ट्वीटरची तार तीन जागी लावता यायची: चढी, मधली, मंद. त्यांनी ती चढीवरून मधल्या जागी आणली.

"टोचतंय," इशरत म्हणाली.

मग मंद. इशरतने डोळे मिटले, थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाली, "आता बास. आता नाच ऐकू येतोय." मलाही तसंच वाटलं.

इद्रीसभाई खिडकीत वाकून ऐकत होते. "माझ्यासाठी तर घुंगरं वाजायचीच थांबली," ते म्हणाले. हात क्षणभर डबीवर थांबला. मग त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि तार तिथेच घट्ट आवळली.

"गेल्या महिन्यात दोन गिऱ्हाइकांशी भांडलो मी," ते इशरतला म्हणाले. "तुमचेच कान खराब हायत, म्हणून हाकलून दिलं. त्यांच्या गाड्या परत बोलावतो. उद्या सकाळी माझ्याबरोबरच गाळ्यावर निघ, ऐकायला तू लागशील."